मागच्या खोलीची कडी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सकाळ, चहा झाल्यावर.

हजर: मी, थोरली. मधला भाऊ, सुप्याहून, कंपनीतली पाळी बदलून आलेला. त्याची बायको. धाकटा भाऊ, शिर्डीहून. हारफुलांचं दुकान रविवारच्या गर्दीत मेव्हण्याच्या भरवशावर टाकून आल्यामुळे सारखा मोबाईल बघणारा. समोरच्या सायकल दुकानातले चाचा, वडिलांच्या मृत्युपत्रावरचे साक्षीदार. आणि आत्या, वडिलांची बहीण. ती बसलेली नव्हती. कपबश्या गोळा करत होती.

गैरहजर: माझे यजमान. "माहेरच्या वाटणीत जावयानं बसलं की नंतर सगळं त्याच्या अंगावर येतं," असं म्हणून ते नगरजवळ नागापूरला घरीच थांबले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अंगावर यायचं ते न बसताही आलं, एवढंच.

वडील दिवाळीनंतर गेले. पाथर्डीच्या अलीकडे आमचं गाव. रस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी, गिरणीच्या मागे तीन खोल्या, त्यांच्या मागे आत्याची खोली. गावाबाहेर लिंबाची बाग, फार मोठी नाही. आणि बसथांब्यापाशी एक मोकळा प्लॉट, ज्यावर वडिलांनी आयुष्यभर काही बांधलं नाही, बाभळी मात्र उगवू दिल्या.

मृत्युपत्र असेल असं आम्हा कुणाच्या मनातही नव्हतं. गावाने धरूनच ठेवलं होतं की मी हक्कसोडपत्रावर सही करीन, भाऊ मला साडी नेसवतील आणि विषय मिटेल. मीही तसंच धरलं होतं आणि मला ते चाललं असतं. माझ्या सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मी केलं, कंपनीतली स्टोअरची नोकरी सांभाळून. त्या गेल्यावर आमच्या फ्लॅटमधली त्यांची खोली रिकामी झाली. पहिल्या आठवड्यात मी एका दुपारी त्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि पलंगावर बसून राहिले. काही केलं नाही. बाहेरून कुणी हाक मारणार नव्हतं, एवढं एक मला अनुभवायचं होतं. त्यानंतर मला कुठूनही काहीही मिळालं नसतं तरी माझी तक्रार नव्हती.

पण चाचा वाचायला लागले.

चाचांनी गावातल्या बऱ्याच जणांच्या मृत्युपत्रांवर सह्या केल्या आहेत. दुकान चौकात, अक्षर चांगलं आणि कुणाच्या घरातलं कुणाला सांगत नाहीत, म्हणून लोक त्यांच्याकडे जातात. सांगितलंच तर नाव गाळून सांगतात. एकाने चिंचेच्या झाडाच्या चिंचा एका मुलाला दिल्या होत्या आणि सावली दुसऱ्याला, कारण दुसऱ्याची म्हैस तिथे बांधायची. एकाने बायकोसाठी लिहिलं होतं की ओट्यावरच्या तिच्या जागेवरून तिला कुणी उठवू नये. "मरताना माणसाला जमिनीपेक्षा असल्याच गोष्टी आठवतात बघ बेटी," असं ते मला म्हणाले होते.

वडिलांनाही असल्याच गोष्टी आठवल्या होत्या.

आमच्या भागात वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने पहिला उचलायचा, मग त्याच्या वरच्याने. पाडणाऱ्याला शेवटी उरेल तो. आपल्याकडे कुठला येणार हे माहीत नसल्यामुळे पाडणारा सगळे सारखे करतो. ही रीत भावाभावांची. वडिलांनी तिच्यात मला घातलं होतं. चाचांनी वाचलं, "तीन वाटे थोरल्या मुलीने पाडावेत. तिला याद्या करायची सवय आहे."

मधला हसला. "ताई, आबांनी तुला जाताना पण कामालाच लावलं."

पुढचं कलम आत्याचं होतं. माझी बहीण हयात असेतो तिची मागची खोली, न्हाणीची वाट आणि नळाचं पाणी तिच्याकडे राहावं. ज्याच्या वाट्याला घर जाईल त्याने तिचं दुखलंखुपलं बघावं. ती असेतो घर विकू नये, गिरणी बंद करू नये.

आत्याने कपबश्यांचा ट्रे तसाच हातात धरला होता. ती लग्नानंतर वर्षाच्या आतच परत आली होती. का, ते घरात कधी बोललं गेलं नाही. आली तेव्हा घरात जागा नव्हती, म्हणून धान्याच्या खोलीतली पोती एका बाजूला सरकवून तिला तिथे खाट टाकून दिली. पोती नंतर बरीच वर्षं तिथेच होती. गिरणी नावाला वडिलांची, चालवायची ती. दळणाचे डबे ओळीने लावायचे, पट्टा चढवायचा, बाजरीनंतर गहू आला तर आधीचं पीठ नीट झाडून घ्यायचं. ऊसतोडीला माणसं गेली की गाव निम्मं होतं आणि गिरणी दुपारीच गप्प होते. तेव्हा ती गिरणीच्या दगडाला धारेसाठी टाकी लावून घ्यायची.

वाटे मला त्याच दिवशी पाडायचे होते. सगळे पुन्हा एकत्र कधी येणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी वही घेऊन गिरणीत पोत्यावर बसले.

हे काम मला येतं. स्टोअरमध्ये रोज हेच करते. जड माल खाली, हलका वर, कुठलाही रॅक एका बाजूला झुकता कामा नये. एक वाटा बागेचा, विहिरीतल्या मोटरसकट. एक प्लॉटचा, त्यात वडिलांची मोटारसायकल आणि घरातली भांडी घालून. एक घराचा, गिरणीसकट. घराचा वाटा उघडच सगळ्यांत भारी होत होता. तो खाली आणायला मी त्यावर आत्याचं कलम ठेवलं. ते कुठेतरी ठेवायचंच होतं आणि वडिलांनीही तेच लिहिलं होतं. आता तिन्ही सारखे दिसायला लागले.

माझा एक अंदाज होता, तोही सांगते. घर मधला उचलणार असं मी पक्कं धरलं होतं. दर दिवाळीला तो म्हणायचा की सुप्याची नोकरी सोडून इथे येईन, पुढे चार गाळे काढीन. धाकटा बाग उचलेल, कारण ती ठोक्याने, वर्षाचा आकडा एकदम ठरवून, देता येते आणि शिर्डीत बसून सांभाळता येते. मला प्लॉट उरेल. बाभळी आणि माती. त्याला औषध द्यावं लागत नाही की त्याची वाट बघत कुणी बसत नाही. मला तो फार आवडला.

दुपारच्या जेवणाआधी मी तिन्ही वाटे वाचून दाखवले. आत्या दारात उभी होती. हात पुसत तिने विचारलं, "मी कुठल्यात?"

"घराच्या," मी म्हटलं.

"हां. मग ठीक हाय."

"ताई लई पक्की," मधला म्हणाला. "आत्याला पण बिन कार्ड लावलं. रॅक नंबर तीन." सगळे हसले, आत्याही. बिन कार्ड म्हणजे स्टोअरमध्ये प्रत्येक मालाला अडकवलेला पुठ्ठा. हा शब्द माझ्याकडूनच त्याने ऐकलेला.

धाकट्याने मोबाईलवरून नजर न काढता बाग म्हटलं.

मग मधल्याची पाळी आली. त्याने बायकोकडे बघितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. तो म्हणाला, "प्लॉट."

"आणि गाळे?" माझ्या तोंडून गेलं.

"अगं, गाळे बांधायला घर पाडावं लागंल. आत्या हाय तवर पाडता येतंय का? आबांनी लिव्हलंय ना."

"दर दिवाळीला बोलायचास ते?"

"बोलायचो. तवा आबा होते."

भावजय हळूच म्हणाली, "ताई, तुमाला बाईमानसाचं करायची सवय हाय. सासूबाईंचं केवढं केलंत. आमच्याच्यानं न्हाई व्हायचं."

ती ते कौतुकानेच म्हणाली होती.

चाचांनी चष्मा काढून डबीत ठेवला. "ठरल्याप्रमाणं झालं," म्हणाले. तेवढ्यात आत्या आत आली आणि ताटं मांडायला लागली. मांडता मांडता म्हणाली, "म्हंजी मला कुनी उचललंच न्हाई व्हय?"

तिचं बोलणं हसण्यावारी होतं. बाकी कुणी हसलं नाही. तिने वाढायला सुरुवात केली, धाकट्याला आधी, कारण त्याला बस गाठायची होती.

तेव्हापासून माझा आठवडा असा झाला. सोमवार ते शनिवार नागापूर, स्टोअर. शनिवारी कंपनी सुटली की एसटी. रविवारी आत्याच्या गोळ्या, किराणा, गिरणीचं वीजबिल, कधी सोमवारी रजा टाकून घरपट्टी, ग्रामपंचायतीत घराची नोंद, ग्रामसेवक जागेवर नसणे, परत एसटी. यजमान काही म्हणत नाहीत. ते काही म्हणत नाहीत हेही मला दर शनिवारी दिसतं. घर विकता येत नाही. भाड्याने दिलं तर भाडेकरूच्या चुलीपुढून आत्याला न्हाणीला जावं लागेल. गिरणी बंद करता येत नाही आणि आत्याचे गुडघे चालू देत नाहीत.

एकदा बसथांब्यावर एक ओळखीचा माणूस, जमिनींचे व्यवहार करणारा, चहा पाजत म्हणाला, "ताई, जागा चांगली हाय. मोकळी झाली की आधी मला सांगा." मोकळी झाली की. चहा अर्धा ठेवून मी उठले. पण एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, तो जे बोलला ते माझ्या यादीतही आहे, फक्त लिहिलेलं नाही. त्या कागदाने मला अशी करून ठेवली होती की एका म्हाताऱ्या बाईच्या जाण्यानंतरच माझं काहीतरी सुरू होणार होतं. सासूबाईंच्या वेळी निदान काही मिळायचं नव्हतं. तिथे मी नुसती दमलेली होते.

मार्ग काढायचा म्हणून मी आत्याला नागापूरला आणलं. ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतली नव्हती, गिरणीला तशीही कामं कमी. सासूबाईंची खोली झाडली, पलंगावर नवीन चादर घातली, माझं त्या खोलीतलं सामान बाहेर काढलं.

आत्या पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसली. जिन्यात सगळी दारं बंद, हे तिला कळेना. "हितं मानसं ऱ्हात्यात का?" म्हणाली. मग यजमानांना, "जावईबापू, दळान कुठं टाकता?"

यजमानांनी पिशवीतलं पीठ दाखवलं. तिने चिमूट घेऊन बोटात चोळलं. "किती दिसाचं म्हनायचं हे?"

"तारीख लिहिलेली असते, आत्या."

"व्हय का. मेलेल्या पिठाची तारीक."

ते पोट धरून हसले. मला वाटलं, जमतंय. चार-आठ दिवस तसे बरे गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिला चहाला हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं, उघडेना. मी दार वाजवलं, नंतर दोन्ही हातांनी बडवलं. यजमान पक्कड शोधायला धावले. तेवढ्यात आतून सावकाश कडी निघाली आणि आत्या दारात उभी राहिली. अंगावर फक्त परकर आणि पोलकं होतं, केस मोकळे सोडलेले.

"काय झालं?"

"काय झालं काय? किती वाजवतेय! बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीया? नुसती कडी लावून बसले हुते."

"कशाला?"

"बघाय," म्हणाली. मग कडी पुन्हा सरकवून दाखवली, आत, बाहेर. "किती गुमान लागती गं."

मलाही ती तशीच लागली होती, त्याच खोलीत, त्याच पलंगावर.

संध्याकाळी तिने पिशवी भरली. "मला सोड गावाला. हितं माझं काई न्हाई. पन मला तसली कडी बसवून दे. माझ्या खोलीला आतून कडी न्हाई."

आतून कडी नाही, हे मला माहीत होतं. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. धान्याची खोली ती. कडी बाहेरून, कोयंड्यात कुलूप घालायला. आतून कडीची पोत्यांना काय गरज? लहानपणी आम्ही गुळासाठी धाडकन आत घुसायचो. वडील पोतं काढायला यायचे, नुसते खाकरून. मापाडी, हमाल, पाहुणे, जो तो. लुगडं बदलायचं असलं की ती दाराला पाटा लावायची. आम्ही पाटा सरकवून आत जायचो आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी असायची. आम्हाला ते दिसायचं. त्याचं काही वाटायचं नाही.

"एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कुनाला सांगायचं? खोली माझी हुती व्हय?"

"आता आहे. आबांनी लिहिलंय."

"म्हनून तर सांगते."

पुढच्या शनिवारी मी नगरला उतरून हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली. स्टीलची, जाड, हाताला धार न लागणारी. सोबत स्क्रू. गावात सुतार दोन घरं सोडून राहतो. त्याने दार बघितलं, ठोकून बघितलं. म्हणाला, "बाभळीचं हाय, लोखंडावानी. भोक पाडाय मशीन आनावी लागंल. पुढल्या रविवारी बसवू." मी यादीत लिहिलं.

त्या आठवड्यात आत्या पडली.

सकाळी गिरणी उघडली नाही म्हणून दळण घेऊन आलेली एक बाई मागे गेली. खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकललं तर आत्या खाटेच्या खाली, एक हात अंगाखाली घेऊन. फार लागलं नव्हतं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, मनगटाला पट्टा बांधला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की असं पुन्हा होऊ शकतं. चाचांनी रिक्षा बोलावण्यापासून सगळं केलं होतं. मी पोचले तेव्हा ती खाटेवर बसून त्या बाईला सांगत होती की दळण ठेवून जा, उद्या मिळंल.

मधल्याचा फोन आला. "बरी हाय ना? आन ते कडीचं तुझं काय चाललंय म्हनं. काई बसवू नको हां ताई. उद्या आतून लावून पडली तर दार कोन फोडनार?"

"तू नाहीस, एवढं नक्की."

"मी खरं बोलतोय म्हनून राग येतोय तुला."

तो खरंच बोलत होता. दार लोटलेलं होतं म्हणून ती बाई आत जाऊ शकली. त्या दाराला आतून कडी असती तर सुताराने मशीन आणेपर्यंत काय झालं असतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि काही झालं तर गाव म्हणणार होतं की घर मोकळं करायला भाचीने कडी बसवून दिली. हेही मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी दुसरी कडी शोधून काढली. आतून लागते, पण बाहेरून पट्टी घालून फिरवली की उघडते. दुकानदाराने मला उलटसुलट करून दाखवली. मला वाटलं, सुटलं. रविवारी आत्याला दोन्ही कड्या समोर ठेवून समजावलं. तिने दुसरी हातात घेऊन बराच वेळ बघितली.

"ही भायरून उघडती?"

"गरज पडली तरच. पट्टी फक्त चाचांकडे ठेवू."

"भायरून उघडती तर मग ती कडी कसली गं? तसलं दार तर माझ्याकडं हायेच."

"आत्या, पुन्हा पडलीस तर?"

"पडंन. तुझी आजीपन पडूनच गेली, चौकात, सगळ्या गावादेखत." तिने कडी माझ्या हातात परत दिली. "मला घराच्या वाट्यात घातलंस, मी काई बोलले न्हाई. घातली तर घातली. पन पोत्याची खोली पोत्याचीच ठिवायची असंल तर तसं सांग. पाटा हाय माझ्याजवळ."

तेवढ्यात गिरणीपुढे कुणीतरी डबा आपटला आणि ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पट्टा चढवायला, एका हाताने. मी उठून दुसऱ्या बाजूने पट्टा धरला. गिरणी सुरू झाल्यावर बोलता येत नाही. मला ते बरं वाटलं.

त्याला आता बरेच रविवार झाले. नोंद झाली, घर माझ्या नावावर आहे. वीजमीटर नावावर झाला. न्हाणीत धरायला दांडी बसवली, ती तिने एकदाही धरलेली नाही. उंबऱ्याजवळची फरशी बदलली. पट्टा चढवायला दुपारपुरता एक माणूस मिळाला, तो तिला आवडत नाही. बाहेरून उघडणारी कडी दुकानदाराला परत दिली.

गेल्या रविवारी सुतार मशीन घेऊन ओट्यावर येऊन बसला होता. आत्याने त्याला चहा दिला. त्याने मला विचारलं, "ताई, कडी आनली का?"

आत्या दारातून बघत होती. कडी माझ्या पर्समध्ये होती, स्क्रूच्या पुडीसकट, घेतली त्या दिवसापासून तिथेच. मी पर्स मांडीवर घेतली, चेन उघडली, कडीशेजारची नोट काढली आणि त्याला चहाचे पैसे देऊ लागले. तो म्हणाला, "चहाचे कसले पैसे, ताई?" आणि मशीन उचलून गेला.

एसटीत यादी काढली. सगळ्या ओळींवर काट मारलेली आहे. एक राहिली आहे: मागची खोली, आतून कडी.